पेलेट बनवताना ऊर्जा नेमकी कुठे खर्च होते?

पेलेट म्हणजे भुसा किंवा पेंढा दाबून केलेली जळणाची छोटी कांडी. साच्यातून नुकतीच बाहेर पडलेली पेलेट हातात धरवत नाही, इतकी ती तापलेली असते, आणि तिच्या अंगावर वॉर्निश फिरवल्यासारखी तकाकी असते. साच्याला बाहेरून आच दिलेली नसली तरी ही उष्णता निर्माण होते, कारण ती घर्षणातून येते.

मोकळा पेंढा घनमीटरला जेमतेम 40 ते 100 किलो भरतो. त्याच्याच पेलेट केल्या की हा आकडा 600 ते 700 किलोंवर जातो. एवढे चेपण्यातच सगळी शक्ती जात असेल असे वाटते, पण तसे नाही. रोलर भुसा साच्याच्या 6 ते 8 मिलिमीटर व्यासाच्या छिद्रांत ढकलत राहतो, आधी शिरलेला भुसा छिद्राच्या भिंतींना घासत अडून बसतो, आणि ही अडणूक मोडून काढण्यातच ऊर्जेचा मोठा वाटा खर्च होतो. हा खर्च मात्र पूर्णपणे वाया जात नाही, कारण याच दाबाने आणि उष्णतेने वनस्पतीला ताठपणा देणारे लिग्निन हे द्रव्य मऊ होते व थंड होताना कणांना एकमेकांशी बांधून ठेवते. छिद्र लांब ठेवले तर पेलेट कणखर होते, पण वीज जास्त लागते. आखूड ठेवले तर वीज वाचते, पण पेलेटचा पोत्यातच भुगा होतो.

भुशात साधारण 8 ते 12 टक्के ओलावा असला तर पाणी वंगणासारखे काम करते आणि लिग्निनही कमी तापमानाला मऊ होते. भुसा फार कोरडा असेल तर छिद्रे तुंबतात. फार ओला असेल तर बाहेर पडताना वाफेने पेलेट तडकते.

खरा मोठा खर्च मात्र साच्यापर्यंत पोहोचण्याआधीच होऊन गेलेला असतो. निम्मे पाणी असलेल्या ओल्या लाकडापासून 10 टक्के ओलाव्याच्या एक टन पेलेट करायच्या तर 800 किलो पाणी उडवावे लागते. केवळ त्याच्या बाष्पीभवनाला सुमारे 1.8 गिगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे पेलेटमधील सुमारे 17 गिगाज्यूलपैकी दहावा हिस्सा. प्रत्यक्ष वाळवणी यंत्रात तर याहून जास्त. दळणे आणि दाबणे यांसाठी टनामागे 100 ते 150 युनिट वीज धरली तरी ती अर्ध्या गिगाज्यूलच्या आसपासच भरते. ही वीज औष्णिक केंद्रातून आली असेल तर तिच्यामागे जळालेले इंधन जवळपास तिप्पट धरायला हवे, आणि हिशेबात ही गोष्ट सहज निसटते. शेतातच उन्हात वाळलेल्या पेंढ्याला मात्र वाळवणीचा हा खर्च जवळजवळ लागतच नाही.