कॅप्चर कार्ड वेगळं का घ्यावं लागतं?

नवा संगणक जोडायला बसलं की हा प्रश्न हमखास निघतो: ग्राफिक्स कार्डावर एवढा खर्च केला, मग कॅमेऱ्याचं चित्र आत घ्यायला आणखी एक कार्ड कशाला? ग्राफिक्स कार्डामागचा एचडीएमआय पोर्ट चित्र बाहेर सोडतो, आत घेत नाही, हे झालं सरळ उत्तर. पण ही दोन्ही कामं एकाच कार्डावर आणून झाली होती आणि ते टिकलं नाही. ते का टिकलं नाही हे माहीत असेल, तर पैसे कुठे घालायचे हे ठरवणं बरंच सोपं जातं.

चित्र पकडणं फारसं अवघड नव्हतं. अडचण होती ती डेटाच्या आकाराची. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या चित्राचे संगणकात ७२० बाय ५७६ पिक्सेल होतात, सेकंदाला २५ फ्रेम. पिक्सेलमागे २ बाइट धरले तर सेकंदाला जवळपास २१ एमबी. नव्वदीच्या सुरुवातीच्या हार्ड डिस्कना हे झेपणं शक्यच नव्हतं. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये संगणकावर व्हिडिओ चालवणारं 'व्हिडिओ फॉर विंडोज' आणलं, तेव्हा १६० बाय १२० च्या खिडकीवर समाधान मानावं लागे. म्हणून कॅप्चर कार्डाचं खरं काम ठरलं ते चित्र आत येता येताच कॉम्प्रेस करणं, म्हणजे दाबून लहान करणं. महागड्या कार्डांची किंमत मुख्यतः हे काम करणाऱ्या चिपची होती.

मग संगणकात कार्ड बसवायचा पीसीआय स्लॉट आला, सेकंदाला १३३ एमबी वाहून नेणारा. ब्रुकट्रीच्या बीटी८४८ चिपची स्वस्त टीव्ही ट्यूनर कार्डं चित्र थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत टाकू लागली. प्रोसेसरला त्याचा पत्ताही नसे. टीव्ही चालू असताना प्रिंट स्क्रीन दाबलं की बाकी सगळं नीट यायचं आणि चित्राच्या जागी काळा किंवा गुलाबी चौकोन. दोन कार्डं परस्पर व्यवहार करत होती, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा.

याच सुमारास, १९९६ मध्ये, एटीआयने 'ऑल-इन-वंडर' काढलं: ग्राफिक्स, ट्यूनर आणि कॅप्चर एकाच पट्टीवर. कल्पना सुंदर होती. पण थ्रीडी खेळांमुळे ग्राफिक्स कार्ड दोन-तीन वर्षांत जुनं होऊ लागलं आणि ते बदललं की उत्तम चाललेला कॅप्चरचा भागही सोबत जायचा. शिवाय विंडोज बदललं की ड्रायव्हरची रड. माझ्या मते हा धडा आजही लागू आहे: ज्यांचं आयुष्य वेगवेगळं, त्या वस्तू वेगळ्याच घ्याव्यात.

१९९५ मध्ये डीव्ही, म्हणजे टेपवर डिजिटल चित्रण करणारे कॅमेरे आले आणि गणितच बदललं. कॉम्प्रेशन कॅमेऱ्यातच होऊ लागलं. कॅमेरा संगणकाला जोडणारी फायरवायरची केबल लावली की तासाभराचं चित्रण साधारण १३ जीबीमध्ये जसंच्या तसं उतरायचं. त्यासाठी साधं कार्डही पुरे. लग्नाचं मिक्सिंग करणारे तरीही मॅट्रॉक्स, कॅनोपस, पिनॅकलची महाग कार्डं घेत, कारण त्यांना टायटल आणि इफेक्ट रेंडरची, म्हणजे संगणक ते तयार करेपर्यंतची, वाट न बघता हवे असत.

पुढे तेही काम ग्राफिक्स कार्डाने उचललं. २०१० च्या प्रीमिअर सीएस५ या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एन्व्हिडियाच्या कार्डावर इफेक्ट लगेच दिसू लागले. २०११ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्ये 'क्विक सिंक' हा एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा भाग दिला, २०१२ मध्ये एन्व्हिडियाने कार्डातच एन्कोडर बसवला. कॅप्चर कार्डाकडे उरलं ते फक्त सिग्नल आत आणणं.

म्हणून आज एन्कोडर बघायचा तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि कॅप्चरच्या बाबतीत बघायची ती वाट किती रुंद आहे हे. १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे २५० एमबी. यूएसबी २ ची कागदोपत्री मर्यादाच सेकंदाला ६० एमबी. त्यामुळे यूएसबी २ ला लावायचा स्वस्त कॅप्चर डोंगल चित्र आतल्या आत दाबून पाठवतो आणि बारीक अक्षरांच्या कडा फाटतात. खोक्यावरचं '४के' बहुतेकदा आत येणाऱ्या सिग्नलचं असतं, रेकॉर्डिंगचं नव्हे. यूएसबी ३ किंवा पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घ्या, ते पुढची दोन-तीन ग्राफिक्स कार्डं सहज पाहील.

घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट उतरवायच्या असतील, तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही. तिथे एस-व्हिडिओ या जुन्या अ‍ॅनलॉग जोडणीचं इनपुट असलेलं कार्ड आणि टेपचं थरथरणं सावरणारा टाइम बेस करेक्टर लागतो. ग्राफिक्स कार्ड कितीही साधं चालतं.