नवरा-बायकोचा रक्तगट : धास्ती कशाची, काळजी कशाची

पत्रिका जुळते, घर पसंत पडतं, आणि मग कुणीतरी दोघांचा रक्तगट विचारतं. दोघांचाही बी पॉझिटिव्ह निघाला की कुजबुज सुरू होते : "दोघांचो रक्तगट एकच आसा, मगे पोरांका तरास होतलो." ही समजूत इतकी पक्की बसली आहे की तिच्यापायी चांगली स्थळं हातची जातात. तिला काडीचाही आधार नाही. उलट आईचा आणि बाळाचा गट सारखा असला तर आईच्या शरीराला बाळाच्या रक्तात परकं असं सहसा काही दिसत नाही. धोका वाढतो तो जवळच्या नात्यातल्या लग्नाने, कारण एकाच घराण्यातला दडलेला जनुकीय दोष दोन्हीकडून मुलाकडे येऊ शकतो. त्याचा एकच रक्तगट असण्याशी संबंध नाही. लग्नाआधी रक्त तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी तपासा. दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण दोष अंगात दडलेला असला, तर प्रत्येक मुलाला थॅलेसेमिया मेजर हा त्याचा गंभीर प्रकार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

ज्या जोडीकडे खरंच लक्ष द्यायला हवं ती वेगळी : बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह. लग्न मोडण्याचं कारण हेही नाही, पण वेळ पाळायला मात्र हवी.

तांबड्या पेशींवर 'डी' नावाचं प्रथिन असलं की माणूस पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. आपल्या देशात निगेटिव्ह माणसं शंभरात साधारण पाच. निगेटिव्ह आईच्या पोटी बाळ वडलांसारखं पॉझिटिव्ह असू शकतं. गरोदरपणात आई आणि बाळाचं रक्त सहसा मिसळत नाही, पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं. आईचं शरीर त्या पेशींना परक्या समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पुढच्या खेपेला मात्र ही प्रतिपिंडं वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागतात. बाळाला पोटातच पंडुरोग होतो, अंगावर सूज येते, काही बाळं पोटातच जातात. जन्मलेल्या बाळाला जबर कावीळ होते. "पहिलं नीट झालं, मग आता कसली तपासणी?" हा प्रश्न म्हणूनच इतका महागात पडतो.

यावरचा उपाय १९६८ पासून वापरात आहे : ॲन्टी-डीचं इंजेक्शन. आईच्या रक्तात आलेल्या बाळाच्या पेशी, तिच्या शरीराने त्यांची दखल घेण्याआधीच, हे औषध काढून टाकतं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत ते द्यायचं. ३०० मायक्रोग्रॅमचा एक डोस बाळाच्या सुमारे ३० मिलिलिटर रक्ताला पुरतो. इंजेक्शन मिळालं नाही तर अशा साधारण सोळा टक्के आयांमध्ये प्रतिपिंडं तयार होतात. बाळंतपणानंतर दिलं तर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर येतं, आणि २८ व्या आठवड्यातही एक डोस दिला तर आणखी खाली जातं. हे औषध माणसांनी दिलेल्या प्लाझ्मापासून, म्हणजे रक्तातल्या पिवळसर द्रवापासून बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यात ११०० हून अधिक वेळा प्लाझ्मा दिला. २०२५ मध्ये ते गेले.

एकदा प्रतिपिंडं तयार झाली की हे इंजेक्शन निरुपयोगी ठरतं. म्हणून निगेटिव्ह गर्भवतीच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत का हे पाहणारी 'इनडायरेक्ट कूम्ब्स' तपासणी आधी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी हात टेकायचे नाहीत : पोटातल्या बाळाला रक्त देता येतं. न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये ते पहिल्यांदा यशस्वीपणे करून दाखवलं.

आता कोकणातली अडचण. नाव नोंदवलेलं असतं मुंबई-ठाण्यात, कारण संसार तिकडे. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते, आणि फाईल राहते चाळीतल्या कपाटात. २८ व्या आठवड्याचं इंजेक्शन झालं का, कूम्ब्सचा निकाल काय आला, हे इथल्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो. औषध २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. ते लहान दवाखान्यात हाताशी असेलच असं नाही, आणि भर पावसात घाट किंवा रस्ता बंद असेल तर ७२ तास भुर्रकन उडून जातात. म्हणून निगेटिव्ह लेकीच्या आईने बाळंतविड्याच्या तयारीतच विचारून ठेवावं : इंजेक्शन कुठे मिळेल, कोण आणेल? माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगटाचा रकाना रिकामा असला तर आशाताईंना आजच सांगावं.

याहून हळवी गोष्ट गर्भपाताची. आपोआप पडलेला, करून घेतलेला, किंवा नळीत राहिलेला गर्भ असला तरी बाळाचं रक्त आईत उतरू शकतं. घरच्यांपासून लपवून मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या जातात, तेव्हा रक्तगट कुणी विचारतच नाही. इंजेक्शन लागेल का, हे किती आठवडे झाले यावर ठरतं, पण डॉक्टरांना सांगायलाच हवं. पोटावर मार बसला, पडली, तरीही.

दुसरी जोडी : आई ओ, बाळ ए किंवा बी. हिच्यात पहिल्याच बाळाला त्रास होऊ शकतो, कारण ओ गटाच्या माणसांत ए आणि बीविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून असतात आणि त्यांतली काही वारेतून जाऊ शकतात. बहुधा हे सौम्य असतं. पण पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं तर ती कधीच साधी कावीळ समजू नये. बाळाला खिडकीजवळच्या उजेडात घ्या, कपाळ नि छाती बोटाने हलकेच दाबून सोडा, आणि खालचा रंग पाहा. कोवळं ऊन दाखवून ही कावीळ उतरत नाही. निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, कधी रक्त बदलावं लागतं, नाहीतर बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, मेंदूपर्यंत पोहोचतं. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात किंवा डाग देण्यात गेलेला प्रत्येक तास बाळाच्या मेंदूचा असतो.

शेवटी मुंबईत सापडलेला गट. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्याला ओचंही रक्त चालत नाही, फक्त बॉम्बेचंच चालतं. ओ दिसणाऱ्या गर्भवतीचं रक्त ओच्या रक्ताशी क्रॉसमॅच होत नसेल, म्हणजे जुळत नसेल, तर हा संशय घ्यावा. हे ऐन बाळंतपणात, रक्तस्राव सुरू झाल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात कळलं तर रक्तपेढीला सांगून दाता शोधता येतो. शोध सख्ख्या भावंडांपासून सुरू करावा, कारण आई-वडील दोघं वाहक असले तर प्रत्येक भावंड त्याच गटाचं असण्याची शक्यता चारात एक असते.