ऑपॉर्च्युनिटीच्या शेवटच्या पॅनोरामात थोडा रंग का नाही

ऑपॉर्च्युनिटी रोव्हरने मंगळावरून पाठवलेला शेवटचा पॅनोरामा नेटवर सापडतो, तो बघाल तेव्हा पूर्ण झूम करून डावीकडे खालचा कोपरा नक्की बघा, तिथं काही चौकोन ब्लॅक अँड व्हाइट आहेत. एडिटिंग अर्धवट राहिलंय असं वाटेल, पण तसं नाहीये, त्या जागेचा रंग टिपायला रोव्हरला वेळच मिळाला नाही.

या रोव्हरच्या पॅनकॅम कॅमेऱ्याला मोबाइलसारखा एका क्लिकमध्ये रंगीत फोटो काढता येत नाही. सेन्सर १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा, तो फक्त उजेड किती एवढंच मोजतो. रंग हवा तर फिल्टरची चकती फिरवायची, एकाच जागेचा फोटो नियर-इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड), हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरमधून वेगवेगळा काढायचा आणि मग पृथ्वीवर तिन्ही एकावर एक बसवायचे. त्यात एका फ्रेममध्ये मावतो जेमतेम १६ अंशांचा तुकडा, म्हणजे गोल फिरून यायला एका ओळीलाच वीसच्या वर फ्रेम लागतात, कारण शेजारच्या फ्रेमशी थोडं ओव्हरलॅप ठेवावंच लागतं.

आणि रंग बरोबर आलेत हे कसं कळणार? त्यासाठी रोव्हरच्या पाठीवर चक्क एक छोटं सूर्यघड्याळ बसवलंय! मधे सावली पाडणारी काडी, भोवती करड्या छटांची वर्तुळं, कोपऱ्यांत रंगाचे तुकडे. हे रंग पृथ्वीवर आधीच मोजून ठेवलेले असल्यामुळे मंगळावर ते कॅमेऱ्याला कसे दिसतात यावरून बाकी फोटोचा हिशोब लागतो. मला तर सगळ्या रोव्हरमधली ही सगळ्यात सुंदर वस्तू वाटते.

तर २०१८ च्या १३ मे ते १० जून या काळात, एन्डेव्हर या २२ किलोमीटर रुंद विवराच्या कडेला पर्सिव्हरन्स व्हॅलीत उभं राहून त्याने ३५४ फोटो काढले, लांब विवराची पलीकडची कड दिसते आणि उतारावर त्याच्याच चाकांच्या खुणा. २००४ मध्ये उतरला तेव्हा ९० मंगळदिवस चालला तरी पुष्कळ असं धरलं होतं! पण तो सोलर पॅनेलवर चालायचा, आणि जूनमध्ये धुळीचं वादळ अख्ख्या ग्रहावर पसरलं. त्या कोपऱ्याचे हिरवे-जांभळे फोटो राहिले ते राहिलेच. १० जूनला शेवटचा संपर्क झाला, नंतर हजाराच्या वर कमांड पाठवूनही उत्तर नाही, शेवटी १३ फेब्रुवारी २०१९ ला नासाने मिशन संपल्याचं जाहीर केलं.

मंगळावरच्याच क्युरिऑसिटी या नासाच्या दुसऱ्या रोव्हरला हा प्रॉब्लेम नाही, त्याची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेवर बनते आणि त्याचा मास्टकॅम एका क्लिकमध्येच रंगीत फोटो काढतो. २०१९ मध्ये टीम थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीवर असताना त्याने चार दिवसांत हजाराहून जास्त फोटो काढले आणि त्यातून १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरामा झाला. तरी तोसुद्धा रोज मंगळावरच्या दुपारी १२ ते २ मध्येच फोटो काढायचा, कारण ऊन कललं की सावल्या बदलतात आणि मग दोन फोटोंमधला जोड लगेच दिसतो.