बॉनेटखालचं झाकण म्हणजे कुलूप नव्हे

‘आताच्या गाड्यांचं इंजिन सीलबंद, घरी हात लावायची सोयच नाही’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरं वाटायला लागतं. पण बॉनेट उघडल्यावर इंजिनावर दिसणारं ते काळं प्लास्टिकचं झाकण बहुतेक गाड्यांत नुसतं रबरी बुचांवर बसवलेलं असतं. आवाज दाबायला आणि (खरं सांगायचं तर) दिसायला बरं म्हणून. इंजिन गार असताना दोन्ही हातांनी सरळ वर ओढा, टक्क आवाज होऊन निघतं. १९९९ मध्ये आलेल्या आउडी ए२ च्या बॉनेटला तर बिजागरीच नव्हती. तरी ते अख्खं उचलून काढता यायचं, आणि ऑइल, वॉशरचं पाणी पुढच्या बाजूच्या छोट्या झाकणातून भरायचं. एअर फिल्टर बहुधा चार क्लिपांखाली सापडतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काही गाड्यांत खरोखरच नाही. तिथे ऑइलची पातळी स्क्रीनवर बघायची. हायब्रिडच्या (इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या गाडीच्या) नारिंगी केबलना मात्र हात नको, त्यांत जास्त दाबाची वीज असते.