उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या

मिशिगनहून भाच्याचा फोन आला तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. आवाज पडलेला. "मामा, हेडर बसवला आणि बूस्ट उतरला. साडेनऊ पीएसआय दाखवायचा काटा, आता नऊलासुद्धा टेकत नाही. पैसे पाण्यात गेले का?"

मी म्हटलं, बहुतेक पेढे वाटायला हरकत नाही, पण त्याआधी एक आकडा बघून मला सांग. तो आकडा कोणता, हे सांगायला थोडं मागून यावं लागेल.

त्याची गाडी शेवरले कंपनीची स्पोर्ट्स कार, सातव्या पिढीतली कॉर्व्हेट झेड-झिरो-सिक्स. इंजिन एलटी४: आठ सिलिंडर, ६.२ लिटर, कंपनीच्या कागदावर ६५० अश्वशक्ती. इंजिनाच्या डोक्यावर ईटन कंपनीचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारं यंत्र. त्या कोंबलेल्या हवेचा जास्तीचा दाब म्हणजे बूस्ट, आणि तो पीएसआयमध्ये मोजतात. हेडर म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू जिथून बाहेर पडतो तिथे बसणारा पाइपांचा जुडगा. कंपनी जो देते त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो आखूड असतो आणि त्यातले चार पाइप चार बोटं जातात न जातात तोच एकत्र होतात. बाजारातले लांब हेडर प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा दीड-दोन हात पाइप देतात आणि मग पुढे चौघांना एकत्र आणतात.

आता सुपरचार्जर. हे यंत्र मुळात गाडीचं नाहीच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे ते भट्ट्यांना वारा घालायला वापरलं गेलं. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन पिळदार रोटर एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूला ढकलतात, एवढंच. रोटरच्या आत हवा फारशी दाबली जात नाही. दाब तयार होतो तो पुढे, हवेला जागा पुरत नाही म्हणून.

हिशेब सोपा आहे. एलटी४चा सुपरचार्जर एका फेरीत १.७४ लिटर हवा ढकलतो आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेरीत तो स्वतः ३.१ वेळा फिरतो. म्हणजे ५.४ लिटर. चार-स्ट्रोक इंजिन मात्र क्रँकच्या एका फेरीत आपल्या निम्म्या क्षमतेएवढीच हवा घेतं, इथे ३.१ लिटर. तीन लिटरच्या जागेत साडेपाच लिटर कोंबायची म्हटल्यावर दाब वाढणारच. गळती आणि उष्णता धरून तो बाहेरच्या हवेच्या साधारण १.६५ पट होतो. त्यातला बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा भाग, तेच काट्यावर दिसणारे साडेनऊ पीएसआय.

दादरचा पूल आठवा. पुलावरून दर मिनिटाला ठरावीक माणसं फलाटावर येताहेत. लोकल आली, पण आतली माणसं उतरायला वेळ लावताहेत, तर फलाटावर चेंगराचेंगरी. तीच माणसं झटपट उतरली तर फलाट मोकळा, आणि तरीही चढणारे तेवढेच चढतात. बूस्टचा काटा मोजतो ती फलाटावरची गर्दी. किती माणसं गाडीत चढली, ते त्याला ठाऊक नसतं. हेडरचं काम उतरणाऱ्यांना वाट देणं.

मग माणसं तेवढीच चढली तर फायदा कुठे झाला? रेटारेटी वाचली, त्यात. सुपरचार्जर क्रँकच्या पट्ट्यावर चालतो. या इंजिनात पूर्ण जोरात तो किती ताकद खात असेल याचा मी ढोबळ हिशेब केला, तर पन्नासेक अश्वशक्ती निघाली. समोरचा दाब उतरला की ही खंडणी थोडी कमी होते. कमी दाबलेली हवा कमी तापते. पिस्टनला जळका वायू बाहेर ढकलायला कमी जोर लावावा लागतो. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच: सिलिंडरमध्ये मागे राहणारा गरम, जळका वायू कमी होतो. सुपरचार्ज्ड इंजिनाची खरी वेस म्हणजे नॉकिंग, पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून होणारी ती टकटक. तिची चाहूल लागली की इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद जाते. आत गरम उरलंसुरलं कमी, तर ही भीती कमी.

विना-सुपरचार्जरच्या इंजिनात हेडरकडून वेगळीच अपेक्षा असते, आणि बरेच जण तिथलं शास्त्र उचलून इथे लावतात. एक्झॉस्टचा, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारा, व्हॉल्व उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या कित्येक पट असतो. वायू व्हॉल्वच्या फटीतून ध्वनीच्या वेगाने सुटतो आणि दाबाची एक लाट पाइपातून पुढे धावते. पाइप जिथे अचानक रुंद होतो तिथून ती उलटी होऊन, म्हणजे ओढ घेऊन, परत येते. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास धरा. पाइप ८५ सेंटिमीटरचा असेल तर जाऊन यायला जेमतेम तीन मिलिसेकंद. ६००० आरपीएमला तेवढ्यात क्रँक १०० अंश फिरतो, ३००० ला ५० अंश. म्हणजे लाट ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच वेळेवर पोचते. हवा आत घेणारा इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व क्षणभर एकदम उघडे असतात त्या वेळी ती आली, तर जळका वायू खेचून घेते आणि पाठोपाठ ताजी हवा ओढते. इतर वेळी आली तर कामाची नाही, कधी चक्क आडवी येते.

आपल्याकडचे बुलेटवाले मेकॅनिक "बॅक प्रेशर पाहिजे, नाहीतर पिकअप जातो" म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. अनुभव खरा, कारण चुकीचं. बॅक प्रेशर म्हणजे वायूच्या वाटेतला अडथळा, आणि तो कोणत्याच इंजिनाला नको असतो. रुंद, उघडा पाइप लावला की वायूचा वेग आणि लाटेची वेळ दोन्ही बिघडतात, म्हणून पिकअप जातो.

सुपरचार्ज्ड इंजिनात इनटेकचा दाबच एवढा असतो की दोन्ही व्हॉल्व उघडे असताना ताजी हवा जळक्या वायूला स्वतःच हुसकावते. उलट ती क्षणिक उघडीक लांबली तर पट्टा फिरवून, ताकद खर्चून कोंबलेली हवा सरळ सायलेन्सरमध्ये जाते. म्हणून अशा इंजिनांचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, ती मुद्दाम कमी ठेवतो. लाटेला काम करायला खिडकीच लहान. "अचूक ट्यून केलेली लांबी" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्या हेडरपुढे मी तरी हात आखडता घेईन.

तरी लांब पाइप घ्यायचं एक चांगलं कारण उरतं, आणि ते या इंजिनाच्या हाडात आहे. बहुतेक अमेरिकन व्ही-८चा क्रँक चारही दिशांना हात असलेला असतो. एलटी४मध्ये सिलिंडर पेटायचा क्रम १-८-७-२-६-५-४-३. विषम आकडे डाव्या बाजूला, सम उजव्या. दर ९० अंशांनी एक सिलिंडर पेटतो, पण बाजू काही आळीपाळीने येत नाहीत. उजवीकडे २ आणि ६ पाठोपाठ पेटतात, डावीकडे ३ नंतर लगेच १. प्रत्येक बाजूला अंतर पडतं ते कधी ९०, कधी १८०, कधी २७० अंशांचं. कॉर्व्हेटची ती लंगडत गुरगुरणारी लय इथूनच येते. आता बघा: ६ नंबरचा व्हॉल्व उघडून स्फोट बाहेर सुटतो तेव्हा २ नंबर नुकता आपला वायू बाहेर ढकलायला लागलेला असतो. आखूड मॅनिफोल्डमध्ये ६चा धक्का थेट २च्या दारात येऊन आदळतो. म्हणजे उतरणाऱ्याच्या छातीवर शेजारच्या दारातून उतरणारा. लांब पाइपात तो धक्का २च्या दाराशी उशिरा आणि बोथट होऊन पोचतो. साठच्या दशकात फोर्ड जीटी४०च्या रेसिंग गाड्यांत दोन्ही बाजूंचे पाइप एकमेकांवरून ओलांडून नेत, म्हणजे प्रत्येक जुडग्यात स्फोट समान अंतराने येतील. त्या गुंतवळ्याला सापांचा भारा म्हणत. दिसायचा झकास. कॉर्व्हेटच्या बोनेटखाली मात्र तेवढी जागा नाही.

जाडीबद्दल भाच्याने आधीच विचारलं होतं: एक इंच सात सूत की दोन इंच? क्षेत्रफळात फरक १४ टक्क्यांचा. साध्या इंजिनात फार रुंद पाइप खालच्या आरपीएमचा दम घालवतो. इथे खालचा दम सुपरचार्जर देतो, त्यामुळे रुंदीची शिक्षा सौम्य. तरी कंपनीचीच पुली ठेवायची असेल तर सात सूत पुरे. पुढे लहान पुली लावून सुपरचार्जर जोरात फिरवायचा बेत असेल तर दोन इंची. दोन इंची पाइप स्पार्क प्लगच्या टोप्यांना आणि स्टिअरिंगच्या दांड्याला खेटून जातो. टोप्या वितळल्या की मग एका सिलिंडरची ठिणगी गेली, सगळा हिशेब गेला.

धातूकडे गिऱ्हाईक फारसं लक्ष देत नाही, आणि पस्तावतं तिथेच. बहुतेक चांगले हेडर ३०४ स्टेनलेसचे असतात, तोच प्रकार जो आपल्या स्वयंपाकघरात डब्या-वाट्यांत असतो. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये ते फार वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर जमतो. गंज रोखणारं क्रोमियम तिथे गेलं म्हणजे सीमेलगतचा पोलाद उघडा पडतो आणि वेल्डच्या कडेने तडे जायला वाव मिळतो. ३२१ स्टेनलेसमध्ये थोडं टायटॅनियम असतं. कार्बन आधी त्याच्याशी लग्न लावतो आणि क्रोमियम वाचतं. रोजच्या रस्त्याला ३०४ पुरतं. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं पूर्ण जोर द्यायचा, तर ३२१चे जास्तीचे पैसे मी देईन.

आणि प्रसरण. ८५ सेंटिमीटरचा स्टेनलेसचा पाइप ७०० अंशांनी तापला की सुमारे एक सेंटिमीटर लांब होतो. पट्टी काढून बघा एक सेंटिमीटर किती असतो ते. चार पाइप, चौघांचं तापमान वेगळं, लांबी वेगळी, आणि एका टोकाला इंजिनाला घट्ट बोल्ट. म्हणून फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनाला बोल्टने बसतो ती पट्टी, निदान तीन सूत जाड हवी, नाहीतर ती केळीच्या सालीसारखी वळते. पाइप आणि जोड यांत सरकता सांधा असेल तर उत्तम. दुकानात गेलात तर पाइपाच्या आत बोट घालून वेल्ड चाचपा. आतून आर्गॉन वायू न सोडता केलेला वेल्ड साखरेसारखा खरखरीत लागतो. तो तिथूनच फुटणार.

फ्लँज वळली की गळती, आणि गळती फक्त फुसफुसत नाही. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. पुढे बसलेला ऑक्सिजन सेन्सर ती हवा वास घेतल्यासारखी पकडतो आणि संगणकाला सांगतो की पेट्रोल कमी पडतंय. संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. सेन्सर खरं बोलतोय, पण ते सिलिंडरचं नाही, फटीचं.

कायद्याचं थोडक्यात. लांब हेडर बसवायला बहुधा कंपनीचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारे डबे, काढावे लागतात. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीत ते करणं कायद्याविरुद्ध आहे. कन्व्हर्टर मागे सरकवला तरी तो कामाला लागायला हवी ती अडीचशे-तीनशे अंशांची उष्णता थंडीत उशिरा पोचते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या रचनेत असे फेरफार करू देत नाही. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला आपण पाहिलेला आहेच. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर मॅनिफोल्डला हात लावू नये, असं माझं मत. भाच्याची गाडी ट्रेलरवर चढून ट्रॅकला जाते आणि तशीच घरी येते.

तर तो आकडा. बूस्ट उतरण्याचं दुसरंही कारण असतं: पट्टा घसरणं. सुपरचार्जर कमी फिरला तरी काटा खालीच येतो. दोन्हीतला फरक काट्यावर दिसत नाही. तो दिसतो हवेच्या मीटरवर, जो इंजिनात दर सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली ते मोजतो. पट्टा घसरला असेल तर ग्रॅमही कमी. वाट मोकळी झाली असेल तर ग्रॅम तेवढेच किंवा थोडे जास्त, कारण समोरचा दाब कमी झाल्यावर रोटरच्या फटींतून मागे गळणारी हवाही कमी होते.

दोन दिवसांनी त्याने जुनी आणि नवी नोंद शेजारी-शेजारी ठेवून फोटो पाठवला. आरपीएम तेच, बाहेरचं तापमान जवळपास तेच, ग्रॅम किंचित वर. खाली लिहिलं होतं, "पेढे डेट्रॉइटच्या दुकानातले चालतील का?"

चालतील म्हटलं, पण आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दे आणि फ्लँजचे बोल्ट एकदा आवळून बघ. तापून-निवून पहिल्या खेपेला ते सैलावतात. तासाभराने उत्तर आलं. उजवीकडचे दोन बोल्ट पाव फेरी सैल निघाले. नेमके ६ नंबरच्या सिलिंडरचे.