क्रॅबग्रास (हिरवळीतील तण)

उत्तर अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीत उन्हाळ्यात माजणारे एक वर्षायू गवत. डिजिटेरिया प्रजातीतील सँग्विनॅलिस (केसाळ) आणि इस्केमम (गुळगुळीत) या दोन जाती तिथे मुख्यतः आढळतात. दोन्ही मूळच्या यूरेशियातल्या. मधल्या बुंध्यापासून खोडे खेकड्याच्या पायांसारखी चहूकडे पसरतात, म्हणून हे नाव पडले. केसाळ जातीची खोडे जमिनीला टेकतात तिथे पेऱ्यांवर नवी मुळे फुटतात. महाराष्ट्रातही याच प्रजातीची गवते खरीप पिकांत तण म्हणून उगवतात.

न्यू जर्सी किंवा ओहायोसारख्या थंड राज्यांत हिरवळ केंटकी ब्ल्यूग्रास, फेस्क्यू, राय अशा गवतांची असते. जुलैच्या उन्हात ही गवते मरगळतात. क्रॅबग्रास उष्ण हवेतले गवत असल्याने नेमके तेव्हाच जोर धरते. पाणी गोठवणाऱ्या पहिल्या थंडीबरोबर ते मरते, पण तोवर हजारो बिया मातीत पडलेल्या असतात आणि त्या काही वर्षे जिवंत राहतात. म्हणजे खरा प्रश्न उभ्या रोपाचा नसून बियांच्या साठ्याचा आहे. ऑगस्टमध्ये औषधाची बाटली शोधणाऱ्याला हे उशिरा कळते.

माती वरच्या थरात काही दिवस सलग १३ अंश सेल्सियसच्या आसपास राहिली की बी रुजू लागते. कॅलेंडरपेक्षा फोर्सिथिया या वसंतात बहरणाऱ्या झुडपाच्या पिवळ्या फुलांकडे पाहण्याची तिथली रीत अधिक भरवशाची: बहर ओसरण्याच्या आत उगवणपूर्व (रोप वर येण्याआधी टाकायचे) तणनाशक पडले पाहिजे. प्रोडायअमीन, पेंडिमेथॅलिन, डायथायोपायर ही त्यातली नेहमीची नावे. ही औषधे बी मारत नाहीत. कोवळ्या मुळांतील पेशीविभाजन थांबवतात. म्हणून दाणेदार औषध टाकल्यावर पाणी देऊन त्याचा मातीत पातळ थर बसवावा लागतो. मात्र हाच थर नव्याने पेरलेल्या चांगल्या गवतालाही उगवू देत नाही, त्यामुळे त्याच वसंतात औषध आणि पेरणी दोन्ही साधत नाहीत. मेसोट्रायोन आणि सिड्युरॉन ही दोन तणनाशके त्याला अपवाद.

आयोवा स्टेट विद्यापीठातील निक ख्रिस्तियान्स यांनी मक्याचे ग्लुटेन (स्टार्च काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चुरा) तणांची उगवण रोखण्यासाठी वापरता येते हे दाखवून १९९१ मध्ये पेटंट मिळवले. दर चौरस मीटरला साधारण १०० ग्रॅम टाकावे लागते. त्यात सुमारे १० टक्के नत्र असल्याने खताचे काम होतेच. तण रोखण्याचे निकाल मात्र सर्वत्र सारखे आलेले नाहीत.

औषधापेक्षा दाट हिरवळ जास्त उपयोगी. उगवणीला प्रकाश लागतो, म्हणून गवत ७ ते १० सेंटिमीटर उंच ठेवले की निम्मे काम होते. गालिच्यासारखी बारीक कापण्याची हौस क्रॅबग्रासच्याच पथ्यावर पडते. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा खोलवर पाणी द्यावे. ड्राइव्हवेच्या कडेला डांबर किंवा काँक्रीट तापते आणि गवत विरळ असते. पहिली रोपे तिथेच दिसतात. पावसानंतर माती ओली असताना, लोंब्या येण्याआधी, ती मुळासकट सहज उपटता येतात. मोठ्या रोपांवर क्विनक्लोरॅक हे तणनाशक फवारतात. त्यानंतर कापलेले गवत टोमॅटोच्या वाफ्यात आच्छादनाला वापरू नये, झाडे वाकडीतिकडी होतात.

एक नेहमीची फसगत: एप्रिलच्या सुरुवातीलाच रुंद पानांचा हिरवा झुपका दिसला, तर तो बहुधा क्रॅबग्रासचा नसून उंच फेस्क्यूसारख्या बहुवर्षायू गवताचा असतो आणि त्याला वरचे उगवणपूर्व उपाय लागू पडत नाहीत. अशा उत्तरेकडील हिरवळींत हरळीलाही तणच मानतात. गणपतीला दूर्वा वाहणाऱ्या मराठी घरमालकाला हे जरा जड जाते.

विरळ जागा भरून काढण्यासाठी सप्टेंबरमध्ये पेरणी करतात. माती अजून उबदार असते, हवा निवलेली असते, आणि त्या वर्षीच्या क्रॅबग्रासचे दिवस भरत आलेले असतात.