‘आय आय’मध्ये आई नाही

नारळी पौर्णिमेला मालवणच्या जेटीवर उभा होतो. तेवढ्यात फोनवर एक ढकलपत्र आलं. इंग्रजी आरमारातलं ‘आय आय, सर’ हे म्हणे कान्होजी आंग्र्यांच्या खलाशांच्या ‘आई, आई!’ या आरोळीवरून उचललेलं. खाली तीन भगवे झेंडे आणि ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

अभिमान आहे, पण पाठवलं नाही. ‘होय’ या अर्थाचा ‘आय’ इंग्लंडमध्ये १५७० च्या दशकापासून लिहिलेला सापडतो. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० मध्ये, आणि कान्होजींना सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचं पद, मिळालं १६९८ च्या सुमारास. शब्द कुठून आला यावर भाषातज्ज्ञांत वाद आहेत, पण त्या वादात मालवण कुठे नाही.

आरमारात ‘यस’ आणि ‘आय आय’ एक नव्हेत. प्रश्नाला उत्तर ‘यस’. हुकमाला उत्तर ‘आय आय’, म्हणजे समजलं आणि करतो. खालच्याने काही कळवलं तर वरचा ‘आय आय’ म्हणत नाही, ‘व्हेरी वेल’ म्हणतो, कारण त्याला कुणी हुकूम दिलेलाच नसतो. पूर्वी रात्री जहाजाजवळ होडी आली की पहारेकरी हाळी द्यायचा. ब्रिटिश आरमारात होडीतून ‘आय आय’ आलं तर आत अधिकारी आहे, ‘नो नो’ आलं तर नाही, आणि जहाजाचंच नाव आलं तर खुद्द त्याचा कप्तान येतोय. अंधारात चेहरा दिसायच्या आधीच सलामीची तयारी करता यायची.

पण मला खरी गंमत वाटते ती आवाजाची. ‘आय’ हा जवळजवळ निव्वळ स्वर आहे, तोंड उघडलं की झाला. ‘यस’ शेवटी ‘स’वर येऊन फुसकन विरतो. बोलताना सगळा जोर स्वरांत असतो. सगळ्यात दमदार स्वराची शक्ती सगळ्यात दुबळ्या व्यंजनाच्या काहीशे पट भरते. वारा सुटला, लाटा आपटू लागल्या, की व्यंजनं आधी बुडतात आणि स्वर तरंगत राहतात. आपली हाळीसुद्धा ‘ओऽऽ’ अशीच असते, ‘स्स्स’ अशी नाही.

याच कारणाने ब्रिटिश आरमाराने एक शब्द हद्दपार केला. जहाजाची उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’ आणि डावी ‘लारबोर्ड’. पुढची व्यंजनं वाऱ्याने खाल्ली की दोन्हीकडे उरतं ‘आरबोर्ड’! १८४४ मध्ये हुकूम निघाला की डावीला ‘पोर्ट’ म्हणा. आता स्वर वेगळे झाले आणि शब्दाची लांबीही.

तरी चूक होतेच. म्हणून सुकाणूवाला नुसतं ‘आय आय’ म्हणून थांबत नाही. ‘स्टारबोर्ड टेन’, म्हणजे सुकाणू दहा अंश उजवीकडे, असं ऐकलं की तो तेच शब्द परत म्हणतो. आता थोडं गणित. समजा पन्नासात एकदा उलटं ऐकू येतं. मग चूक निसटायला सुकाणूवाल्याने ‘पोर्ट’चं ‘स्टारबोर्ड’ ऐकायला हवं, आणि त्याने म्हटलेलं ‘स्टारबोर्ड’ अधिकाऱ्याला पुन्हा ‘पोर्ट’ ऐकू यायला हवं. एक पन्नासांश गुणिले एक पन्नासांश, म्हणजे अडीच हजारांत एकदा. मात्र हे दोन कान एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. अधिकाऱ्याच्या मनात ‘पोर्ट’ आधीपासून घोळत असतं आणि माणूस अपेक्षित तेच ऐकतो, त्यामुळे खरा आकडा एवढा चांगला येत नाही. म्हणूनच सुकाणू दहा अंशांवर आलं की ते झाल्याचं पुन्हा कळवायचं असतं. पहिला प्रतिसाद कानाची चूक पकडतो, दुसरा हाताची.

कोकणात देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे म्हणतात ते ‘होय म्हाराजा!’ म्हणजे शुद्ध ‘आय आय’. काय मागितलं हे न ऐकताही जोरात म्हणता येतं. समुद्राला नारळ जरूर द्यावा, पण दोर सोडताना मालवणचा तांडेलही, म्हणजे होडीचा म्होरक्याही, ‘होय म्हाराजा’वर भागवत नाही. ‘सोडली रे, सोडली!’ ऐकू आल्याशिवाय त्याचा हात इंजिनाकडे जात नाही.

एक चूक मात्र या दोन्ही प्रतिसादांतून सुटते, ती शब्दाच्या अर्थातली. होडीच्या सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे वळते. जहाजांवर चाक आलं तरी हुकूम दांड्याच्याच हिशेबाने चालू राहिले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर हुकूम सुटला ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’, म्हणजे पूर्ण उजवीकडे, आणि जहाज डावीकडे वळलं. सुकाणूवाला चुकला नव्हता, तेव्हा त्या हुकमाचा अर्थच तसा होता. १९३० च्या दशकात हे बदललं, आणि ‘स्टारबोर्ड’ म्हटलं की जहाज उजवीकडेच वळू लागलं. दांड्याच्या होडीत बसलेल्याला मात्र उजवीकडे वळायला अजून दांडा डावीकडेच ढकलावा लागतो.